घरबसल्या हर्रास आणि जुने व्हॅक्यूम क्लीनर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला, राजधानीचा मान नागपूरकडून भोपाळकडे गेला आणि सचिवालयाच्या दप्तरांमागोमाग जी मराठी कारकुनी कुटुंबे तात्या टोपे नगरातल्या सरकारी क्वार्टरांत येऊन राहिली, त्यांनी आपल्याबरोबर पाटा-वरवंटा, देवघर आणि काही शब्द आणले. त्यांपैकीच एक शब्द म्हणजे 'हर्रास'. पुण्या-मुंबईकडचे लोक ज्याला लिलाव म्हणतात त्याला आमच्या घरी हर्रास म्हणत, आणि तो लिलाव शब्दही आपला नव्हे, पोर्तुगिजांच्या गलबतांतून उतरलेला, हे मला पुष्कळ उशिरा कळले. हल्ली हर्रास हातातल्या मोबाइलवर होतो. बोली पुकारणारा दिसत नाही, विकणारा दिसत नाही, आणि ज्या वस्तूसाठी आपण रात्री साडेअकरा वाजता जिवाचा आटापिटा करीत असतो, ती वस्तूही चार छायाचित्रांपलीकडे दिसत नाही. अशा हर्रासांतून जुने व्हॅक्यूम क्लीनर जमविण्याचा नाद ज्यांना लागला आहे अथवा लागण्याचा संभव आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

प्रथम आपल्या देशात या यंत्राची स्थिती काय, ते ध्यानात घेतले पाहिजे. विलायतेत हे यंत्र घराघरांत गेले, कारण तेथे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असे. आपल्याकडे फरशी, कोबा किंवा शेणाने सारवलेली जमीन, आणि तिच्यासाठी केरसुणी व पोतेरे यांहून सरस साधन आजतागायत कोणी काढलेले नाही. त्यामुळे वीज, गालिचा आणि खर्चाची ऐपत या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र नांदत, तेवढ्याच ठिकाणी स्वातंत्र्यापूर्वीचे असे यंत्र सापडण्याची आशा धरावी. सर्वसामान्य मध्यमवर्गाच्या घरात ते शिरले १९८२ नंतर. त्या वर्षी टाटांच्या छत्राखालची फोर्ब्स कंपनी आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्स उभी राहिली, आणि टाय बांधलेला तरुण विक्रेता दुपारच्या वेळी दार ठोठावून, आपल्याच गादीतली धूळ काढून आपल्यालाच दाखवू लागला. ते प्रात्यक्षिक पाहून गृहिणीला जी लाज वाटे, तिच्या बळावर पुष्कळ 'युरोक्लीन' खपले आणि पुढे पुष्कळच माळ्यावर गेले. नवशिक्या संग्राहकाने आरंभ येथूनच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विलायती हूवरचा मोह सुटत नाही हे खरे. परंतु चाळीस वर्षांपूर्वीचे देशी यंत्र आपल्या विजेवर चालते, त्याचा इतिहास सांगणारी माणसे हयात आहेत, आणि ते अजून कोणी पुराणवस्तू मानीत नसल्यामुळे त्याचा भाव चढलेला नाही.

तथापि कालनिर्णय करता यावा इतपत यंत्राचे पूर्ववृत्त प्रत्येकाला ठाऊक असावे. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने धूळ फुंकण्याऐवजी शोषून घेण्याची युक्ती पेटंट केली; त्याचे यंत्र घोडागाडीवर चढवून घरासमोर रस्त्यात उभे करीत आणि खिडकीतून लांब नळ्या आत सोडीत. पुढे त्याच्याच कंपनीने घरगुती यंत्रे 'गॉब्लिन' या नावाने विकली. तेव्हा हे नाव कोरलेली पट्टी दिसली तर ती मूळ पुरुषाच्या घराण्यातली समजावी. अमेरिकेत ओहायो प्रांतातील कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा झाडलोट करणारा एक दमेकरी गृहस्थ होता; त्याने उभ्या दांड्याचे, मागे कापडी पिशवी लोंबणारे यंत्र १९०८ साली पेटंट करून त्याचे हक्क हूवर घराण्याला विकले. १९२१ साली इलेक्ट्रोलक्सने घसरपट्ट्यांवर ओढण्याचे आडवे, नळकांड्याच्या आकाराचे यंत्र काढले, आणि आपण आजही ज्याला व्हॅक्यूम क्लीनर म्हणून ओळखतो ती आकृती मुख्यतः त्यातून आली. १९३६ साली हेन्री ड्रेफस या आकृतिकाराने हूवरचे १५० क्रमांकाचे यंत्र आखले आणि त्याला बेकेलाइटचे डौलदार आवरण चढविले. १९५० च्या दशकात हूवरचाच 'कॉन्स्टेलेशन' हा चेंडूसारखा गोळा आला, जो पुढे पुढे स्वतःच्याच उच्छ्वासावर किंचित तरंगत चाले.

हे तपशील पाठ करण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील, तर त्याने भोपाळात एकदा जुनी वस्तू विकत घेऊन पाहावी. या शहरात जी वस्तू जुनी ती बेगमसाहेबांच्या महालातली, असा एक अलिखित शिरस्ता आहे. मलाच एकदा अशा कॉन्स्टेलेशन गोळ्याचे छायाचित्र दाखवून, हा सुलतान जहाँ बेगमच्या खास दिवाणखान्यातला, असे शपथेवर सांगण्यात आले. बेगमसाहेबांनी १९२६ साली पुत्र हमीदुल्ला खान यांच्यासाठी गादी सोडली आणि १९३० साली त्या पैगंबरवासी झाल्या, त्यांच्या पश्चात वीसहून अधिक वर्षांनी जन्मलेले यंत्र त्यांच्या दिवाणखान्यात कसे पोहोचले, हे विचारल्यावर विक्रेता क्षणभर थांबला आणि म्हणाला, "को खां, आप तो वकील निकले." अशीच दुसरी दंतकथा हेवी इलेक्ट्रिकल्सची. १९५६ साली स्थापन झालेल्या या कारखान्याला ब्रिटनच्या एईआय कंपनीचे तांत्रिक साहाय्य होते आणि त्या निमित्ताने इंग्रज अभियंते येथे राहून गेले, ही गोष्ट खरी. पण म्हणून कारखान्याच्या पिपलानी-बरखेडा वसाहतींतून निघालेले प्रत्येक विलायती यंत्र 'साहेबाच्या बंगल्यातले' ठरत नाही. कागद असेल तर कथेचे पैसे द्यावेत, कागद नसेल तर फक्त यंत्राचे द्यावेत.

कागदाखालोखाल विश्वास ठेवण्याजोगा साक्षीदार म्हणजे यंत्राच्या पोटाखालची धातूची पट्टी. हर्रासाच्या जाहिरातीत तिचे छायाचित्र बहुधा नसते. ते मागून घ्यावे, आणि जो विक्रेता ते देण्याचे टाळतो त्याचा माल कितीही झळाळत असला तरी त्याच्यापुढे बोली लावू नये. पट्टीवर कारखान्याचे गाव असते. इलेक्ट्रोलक्सचा इंग्लंडातील लूटनचा कारखाना १९२६ सालचा आणि हूवरचा पेरिव्हेलचा १९३० च्या दशकारंभीचा. तेव्हा पेरिव्हेल कोरलेले यंत्र १९२० सालचे म्हणून कोणी विकू लागला, तर तो अज्ञानी तरी आहे किंवा आपणांस तसे समजतो आहे. पट्टीवर व्होल्टेजही असते. त्या काळी इंग्लंडात गावोगावी विजेचा दाब निरनिराळा असल्यामुळे एकाच नमुन्याची यंत्रे वेगवेगळ्या दाबांसाठी बनत. आपल्याकडील २३० व्होल्टांना २३० ते २५० असे लिहिलेले यंत्र मानवते, ११० लिहिलेले अमेरिकी यंत्र थेट लावल्यास मानवत नाही. एसी आणि डीसी दोन्ही लिहिलेले असेल तर बिचकू नये. या यंत्रांची मोटर कार्बन ब्रशांची, उभयसाधारण जातीची असते आणि तिला पन्नास काय नि साठ काय, वारंवारतेचे फारसे सोयरसुतक नसते.

पट्टीनंतर आणखी तीन छायाचित्रे मागावीत : वायर यंत्रात जेथे शिरते ती जागा, नळीची दोन्ही तोंडे, आणि झाकण उघडून आतली मोटर. माझ्या पहिल्या खरेदीत मी यांपैकी एकही मागितले नव्हते. जे आले ते बाहेरून लखलखीत नळकांडे होते, नळी दुसऱ्याच कंपनीची, आणि आत जेथे आर्मेचर असावयास पाहिजे तेथे एक वीट होती; वजन भरावे म्हणून घातलेली असावी. विक्रेत्याने जाहिरातीत 'चालू अवस्थेत आहे' असे लिहिले नव्हते, 'उत्तम अवस्थेत आहे' असे लिहिले होते, आणि विटेच्या दृष्टीने ते विधान सत्यच होते. ती वीट अद्याप माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलेली असते.

उभ्या दांड्याचे यंत्र घेताना आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा. आडव्या यंत्रात हवा आधी पिशवीतून गाळली जाते आणि मग पंख्याकडे जाते. जुन्या उभ्या यंत्रांत मात्र धूळ, खडे, टाचण्या सारे काही आधी पंख्यातून जाते आणि नंतर पिशवीत पडते. परिणामी पंख्याची पाती फुटलेली असण्याचा संभव मोठा. विक्रेत्याला, यंत्र विजेला न जोडता पंखा बोटाने फिरवून त्याची पाती मोजायला सांगावे. बहुतेक विक्रेते हे काम आनंदाने करतात. आपल्या मालात कोणी एवढे स्वारस्य घेतो, याचे त्यांना अप्रूप वाटते.

शोध घेण्याची रीत वेगळी. व्हॅक्यूम या शब्दाच्या इंग्रजी वर्णावलीत सी एक आणि यू दोन आहेत. पुष्कळ लोक सी दोन घालतात आणि एक यू गाळतात. ज्यांनी चुकीचे लिहिले त्यांच्या मालावर कमी लोकांची नजर पडते, सबब शुद्ध आणि अशुद्ध अशा दोन्ही रूपांनी शोधावे. हिंदीत 'धूल खींचने की मशीन' असेही शोधून पाहावे. पुष्कळदा यंत्र 'अँटिक पंप', 'पुराना ब्लोअर' किंवा नुसते 'पुराना सामान' या सदराखाली पडलेले असते, कारण जुन्या नळकांड्यांना मागच्या तोंडी नळी लावली की ती हवा फेकतात आणि विकणाऱ्याला तेवढाच उपयोग ठाऊक असतो. आणि ज्याला मोबाइल सोडून पाय हलविण्याची सवय आहे, त्याने जुन्या भोपाळातल्या कबाडखान्यात महिन्यातून एक फेरी मारावी. कारण जालावर दिसणारा पुष्कळ माल तेथूनच पन्नास पावलांवरून उचललेला असतो.

आता प्रत्यक्ष बोली. बहुतेक हर्रासस्थळांवर आपण आपली कमाल मर्यादा आधी गुप्तपणे नोंदवू शकतो आणि यंत्रणा प्रतिस्पर्ध्याच्या बोलीपेक्षा एकेक पायरी वर चढत आपल्या वतीने बोलते. काही ठिकाणी हर्रास ठरल्या क्षणी बंद होतो, काही ठिकाणी अखेरच्या क्षणी बोली आली की मुदत वाढते. हा नियम आधी वाचावा, कारण पहिल्या प्रकारात शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकणे शहाणपणाचे असते आणि दुसऱ्या प्रकारात त्या हुशारीला काही अर्थ उरत नाही. मर्यादा ठरविताना वस्तूची किंमत, हर्रासगृहाचे कमिशन व त्यावरील कर, पार्सल आणि दुरुस्ती यांची बेरीज कागदावर मांडावी, खाली सही करावी आणि तो कागद घरातल्या दुसऱ्या माणसाच्या स्वाधीन करावा. हा उपाय हास्यास्पद वाटेल. परंतु रात्रीच्या वेळी एका अनोळखी प्रतिस्पर्ध्यावर मात करण्याची ईर्ष्या चढली म्हणजे विवेकाला घरातली दुसरी व्यक्ती लागते. माझा कागद सौभाग्यवतीकडे असतो आणि तिने आजवर एकदाही मुदतवाढ दिलेली नाही.

परदेशातल्या हर्रासांकडे पाहावे, शिकावे, पण मागविण्यापूर्वी दहादा विचार करावा. आपल्याकडे २००० साली बाझी डॉट कॉम निघाले, २००४ साली ते ईबेने विकत घेतले, आणि ईबेची भारतातली ती पेढी ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. विलायती ईबे मात्र चालू आहे आणि तेथे जुन्या हूवरांची रांग पाहून जीव कासावीस होतो. परंतु आपल्या विदेश-व्यापार धोरणात भांडवली सामग्री सोडून इतर वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित आहे, तिला परवाना लागतो. परवान्यावाचून आलेले पार्सल कस्टमच्या गुदामात अडकले म्हणजे दंड, जकात आणि पत्रव्यवहार यांत यंत्राच्या कैक पट रक्कम जाते. नात्यातला कोणी परदेशातून येताना आणील म्हणावे, तर आठ-दहा किलोचे लोखंड आपल्या सामानातून आणणारा नातलग आता राहिला नाही. मी तो नाद सोडला आहे आणि वाचकांनीही सोडावा.

सरकारी हर्रासांविषयी विचारणा होते म्हणून सांगतो. केंद्र सरकारच्या एमएसटीसी या कंपनीमार्फत निरनिराळ्या खात्यांचा निर्लेखित डेड स्टॉक जालावर विकला जातो. त्यात क्वचित विश्रामगृहांतली जुनी उपकरणेही असतात. पण तेथे नोंदणी, बयाणा रक्कम आणि 'जसे आहे जेथे आहे' ही अट आली. शिवाय माल ढिगाने मिळतो. एका यंत्रासाठी चाळीस मोडक्या खुर्च्या आणि सहा कूलर घेण्याची ज्याची तयारी असेल त्याने त्या वाटेला जावे. त्यापेक्षा तो ढीग उचलणाऱ्या कबाड्याशी ओळख ठेवणे स्वस्त पडते.

पैशाच्या बाबतीत थोडक्यात : माल पाहिल्याखेरीज पूर्ण रक्कम पाठवू नये, सैन्यात बदली झाली म्हणून घरातले सामान घाईने विकणारा आणि गणवेशातले छायाचित्र आधी पाठविणारा गृहस्थ दिसला की संभाषण तेथेच थांबवावे, आणि पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही घालावा लागत नाही, तो देण्यासाठी लागतो, हे ध्यानात ठेवावे. फसगत झालीच तर संकोच न करता तत्काळ १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

वाहतुकीत खासगी कुरिअरवाले वजनाबरोबर आकारमानही मोजतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरांत गुणून पाच हजारांनी भागले म्हणजे येणारा आकडा खऱ्या वजनाहून अधिक असेल तर तोच धरतात. लांब नळी आणि दांडा एकाच खोक्यात घालण्याचा हट्ट त्यामुळे महाग पडतो. मुंबईहून येणारे यंत्र रेल्वे पार्सलने मागविणे मला आवडते. पंजाब मेल १९१२ पासून धावते आहे आणि या यंत्रांना समवयस्क गाडीतून येण्याचा मान मिळतो, हा एक फुकटचा आनंद. बेकेलाइटचे भाग मात्र वेगळे, कापडात गुंडाळून पाठवायला सांगावेत. तो पदार्थ वाकत नाही, थेट तडकतो.

यंत्र घरी आले की प्रत्येकाचा हात प्लगकडे जातो. तेवढा हात आवरावा. आधी पिशवी अंगणात, तोंडाला फडके बांधून रिकामी करावी. तीत दुसऱ्या कुणाच्या घरातली पन्नास वर्षांची धूळ असते. मग पंखा बोटाने फिरवावा; फिरत नसेल तर बेअरिंगमधले ग्रीस घट्ट झाले आहे असे समजावे. जुन्या वायरीवर सुती वेष्टण आणि आत रबर असते. हे रबर वाळून भुगा झालेले असते आणि भोपाळच्या उन्हाळ्यात माळ्यावर राहिलेल्या यंत्रात तर खात्रीने. पूर्वीच्या दोन पिनांच्या प्लगला अर्थिंग नसे, आणि धातूचे अंग असलेले असे यंत्र हाती धरणे म्हणजे नशिबाची परीक्षा पाहणे होय. म्हणून वायर बदलून तीन तारांची घालावी, अर्थिंगची तार यंत्राच्या अंगाला जोडून घ्यावी, आणि मेगरने ५०० व्होल्टांवर गुंडाळी व अंग यांमधला रोध मोजावा. तो एका मेगओहमपेक्षा कमी भरला तर यंत्र चालवू नये, आधी वाळवावे. पहिल्यांदा चालविताना डिमरस्टॅटवर दाब हळूहळू वाढवावा. ब्रशाशी निळसर बारीक ठिणगी दिसणे स्वाभाविक आहे. कम्युटेटरभोवती अग्नीचे कडे दिसले तर ताबडतोब बंद करावे.

या कामासाठी भोपाळासारखे शहर नाही. ज्या गावात टर्बाइन आणि ट्रान्सफॉर्मर बनविण्यात एका पिढीची उमेद गेली, तेथे मूठभर आकाराची मोटर गुंडाळून देणारा कारागीर शोधावा लागत नाही. गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत वाइंडिंगवाला आणि खरादवाला समोरासमोर बसलेले सापडतात. मूळ मापाचे कार्बन ब्रश मिळत नाहीत, तेव्हा ड्रिल मशीनचे थोडे मोठे ब्रश आणून घासून बसवितात. कारागिराला एकच ताकीद द्यावी : रंग देऊ नये. घासून, पॉलिश मारून, चंदेरी रंग फासून आणलेले यंत्र दिवाणखान्यात शोभते, पण त्याच्या अंगावरची हातांची झीज आणि पट्टीवरची अक्षरे त्या रंगाखाली कायमची जातात. काढलेले जुने भाग, अगदी भुगा झालेली वायरसुद्धा, चिठ्ठी बांधून जपावे.

पावसाळाभर यंत्रे जमिनीपासून उंच ठेवावीत आणि कापडी पिशव्या वेगळ्या काढून डांबराच्या गोळ्यांसह पेटीत ठेवाव्यात. एवढी काळजी पुरते.

शेवटी भोपाळकरांना एक विनंती. स्मार्ट सिटीच्या कामात तात्या टोपे नगरातली पुष्कळ जुनी क्वार्टर्स पडली, आणि घरे रिकामी करताना माळ्यावरची यंत्रे कबाड्याकडे गेली, तर त्यांच्या पावत्या, हमीपत्रे आणि वापराच्या पुस्तिका रद्दीत. यंत्र विकावयाचे असेल तर खुशाल विका. परंतु १९८० च्या दशकातली पावती कपाटाच्या खणात असेल तर ती यंत्राबरोबर द्या, आणि तिच्या पाठीवर ते कोणत्या साली, कोणत्या क्वार्टरात आले, एवढे दोन ओळींत लिहून ठेवा.